दर्शना ‘चालेल’ म्हणाली तेव्हा

आमच्या रत्नागिरीत माझा जाहीर सत्कार झाला तेव्हा प्रमुख पाहुणे भाषणात म्हणाले, ‘सरांनी कोकणात घोडे नसताना हा घोड्यावरचा खेळ रुजवला.’ टाळ्या पडल्या. भर उकाड्यात अंगावर शाल घेऊन बसलो होतो मी. माझा खेळ पोलो नव्हे, रग्बी, ही पाहुण्यांची चूक दुरुस्त करावी की नाही याचा थोडा विचार केला आणि गप्प राहिलो. एक तर घोड्यामुळे माझा रुबाब वाढला होता. शिवाय रग्बी हा शब्द मी स्वतः पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते कपडे धुण्याच्या पावडरचं नाव वाटलं होतं. त्या मानाने घोडा बराच म्हणायचा.

देशाच्या महिला रग्बी संघाचा मी काही वर्षं प्रशिक्षक होतो, आणि माझ्या वेळी आम्ही आशियातली एक स्पर्धा जिंकून वरच्या गटात गेलो. तेव्हापासून ‘यशस्वी प्रशिक्षक’ हे शब्द माझ्या नावाला चिकटले. त्या यशाची खरी हकिगत मी कुठल्याच सत्कारात सांगितलेली नाही. सत्कारात तेवढा वेळ नसतो, आणि सांगितली तर शाल परत मागतील अशी धास्तीही असते.

मी मूळचा शाळेतला पीटी शिक्षक, आणि खेळ म्हणाल तर कबड्डीचा. पुण्यात रग्बीचं शिबिर होतं, त्याला जाणाऱ्या शिक्षकांच्या घरी ऐनवेळी लग्न निघालं, म्हणून हेडमास्तरांनी मला पाठवलं. परत आलो तेव्हा या खेळातलं थोडंफार कळणारा जिल्ह्यात मी एकटाच होतो. पुढे देशपातळीवरही फार वेगळी परिस्थिती नव्हती. महिला रग्बीचे जाणकार मोजकेच, त्यातले निम्मे एकमेकांशी बोलत नव्हते, आणि उरलेल्यांत कुणाच्या डोळ्यांवर येण्याइतका मी मोठा नव्हतो. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात. मला तर ती गायसुद्धा होता आलं नव्हतं, पण नेमणुकीचं पत्र आलं.

खेळ साधा आहे. पंधरा जणांचाही असतो, पण आमचा सात जणींचा. सात मिनिटं खेळायचं, पाणी प्यायचं, पुन्हा सात मिनिटं. मैदान मात्र पंधरा जणांएवढंच, त्यामुळे सात पोरींना अख्खा मळा राखावा लागतो. अंड्याच्या आकाराचा चेंडू घेऊन समोरच्या टोकाची रेघ ओलांडायची आणि तो जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणतात, त्याचे पाच गुण. अडवणाऱ्याने चेंडूवालीला कमरेत धरून खाली पाडायचं. आणि सगळ्यात मोठी मेख म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा. हे मी घरी समजावून सांगितलं तेव्हा माझी बायको सुलभा, जिची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली, म्हणाली, ‘म्हणजे आमच्यासारखंच. पुढे चाललोय म्हणायचं आणि फाईल मागच्याच्या टेबलावर टाकायची.’ इतकं सुटसुटीत मला आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

सरावाला जागा शोधणं हीच एक तपश्चर्या होती. आमच्याकडे सपाट जमीन म्हणजे कातळ. त्यावर एकदा पोरगी पडली की कोपराची सालं निघायची, आणि दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत यायचे. भातकापणी झाल्यावर कुणाचा तरी मळा मिळायचा, तोही मालकाची मर्जी असेपर्यंत. राहिली वाळू. त्यामुळे सरावाची वेळ मी ठरवायचो असं कागदावर असलं तरी प्रत्यक्षात ती ओहोटी ठरवायची.

माझ्या पहिल्या संघातल्या सगळ्या मुली कबड्डीच्याच. राज्यपातळीवरच्या आमच्या पहिल्याच सामन्यात त्यातली एक चेंडू घेऊन सुटली. समोरच्या सगळ्यांना चकवून तिने रेघ ओलांडली. आता फक्त वाकून चेंडू टेकवायचा होता. आणि मी, अर्धं आयुष्य कबड्डीत घालवलेला माणूस, बाहेरून जीव खाऊन ओरडलो, ‘परत ये! परत ये!’ कबड्डीत चढाईवरून आपल्या अंगणात जिवंत परत आल्याशिवाय गुण मिळत नाही. पोरगी आज्ञाधारक. ती चेंडू काखेत मारून वळली, त्याच सगळ्या जणींना पुन्हा चकवत अख्खं मैदान उलटं पळत आली, मधल्या रेघेला पाय लावला आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघून हसली. पंचाने शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच धरून ठेवली, कारण ती कशासाठी वाजवायची हे त्यालाही कळेना.

सामना आम्ही हरलो. पण माझ्यासारख्या माणसाच्या हाताखाली आज्ञाधारक मुली असणं किती धोक्याचं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

दर्शना भेटली ती पूर्णगडला. तिथल्या एका मुलीची चाचणी घ्यायला मी गेलो होतो आणि किनाऱ्यावर तिला किक शिकवत होतो. थोड्या अंतरावर मायलेकी सुकत घातलेली मासळी उलटत होत्या. त्यातली लेक उठून आली, कमरेवर हात ठेवून थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘सर, ती बरोबर मारत्येय. तुमीच चुकीचं सांगताव.’

‘असं का?’ मी म्हटलं.

‘वारा खाडीकडे जातोय. वर मारलात तर बॉल हाताला लागायचा नाय.’

मी जिल्ह्याचा प्रशिक्षक होतो. तिला दाखवून द्यावं म्हणून मीच एक सणसणीत किक मारली. चेंडू वर गेला, वाऱ्याला लागला आणि खाडीत पडून मजेत समुद्राकडे निघाला. तो आणायला तिच्या काकांना होडी काढावी लागली. काकांनी मलाही होडीत घेतलं, आणि मला होडी लागते हे अख्ख्या पूर्णगडाने किनाऱ्यावर उभं राहून बघितलं.

त्या संध्याकाळीच मी तिच्या आईकडे विषय काढला. बाईंनी मासळी झाकता झाकता ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पाडापाडीचा खेळ ना हा? हिला काय झालं तर?’

‘मी असतो की तिथे,’ मी म्हटलं.

‘तुमी असून काय करणार? तुमाला होडीत बसवत नाय.’

लेकीने वाद घालायची विद्या कुठून उचलली हे मला तिथेच कळलं. पोरगी मात्र मिळाली. ‘जाऊ दे तिला, इथं तरी कोणाचं ऐकते,’ एवढीच त्यांची परवानगी होती.

आमच्या मुलखाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्याकडे वाद हे भांडण नसतं, बोलायची रीत असते. ‘आज उकडतंय’ म्हटलं तर ‘काल कुठं थंडी होती’ असं उत्तर येतं, आणि दोघंही आनंदाने पुढे जातात. कुणी लगेच ‘हो’ म्हणाला तर त्याच्या पोटात काहीतरी शिजतंय किंवा त्याला बरं नाही असं आम्ही धरून चालतो. मीही याच मातीतला, पण हातात शिट्टी आली की माणूस हे विसरतो. दर्शनाने मला विसरू दिलं नाही. पुढची सहा-सात वर्षं, आधी जिल्ह्यात, मग राज्यात आणि शेवटी देशाच्या संघात, मी सांगितलेली एकही गोष्ट तिने पहिल्या झटक्यात मान्य केली नाही. धावायला सांगितलं तर वाळू तापल्येय, आणि थांबायला सांगितलं तर अंग थंड पडेल. शिबिरात आहारतज्ज्ञ बाईंनी सकाळी ओट्स खायला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘आमच्याकडे आजारी माणसालापण पेज देतात तर सोबत लोणचं देतात.’

संघात ओडिशाच्या बऱ्याच मुली होत्या. माझं हिंदी इतकं भीषण होतं की ते सुधारण्याची वाट बघण्यापेक्षा त्यांनीच मराठी शिकायला घेतलं. शिकल्या त्या माझे आणि दर्शनाचे वाद ऐकून. सस्मिता नावाची एक चिमणीएवढी पोरगी होती, अतिशय लाजाळू. तिचं पहिलं संपूर्ण मराठी वाक्य होतं, ‘असं कसं, सर?’ ते तिला इतकं आवडलं की ती सुप्रभातलाही तेच म्हणायची.

या वादांचा संघाला फायदा झाला हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. सात जणींच्या या प्रकारात, म्हणजे सेव्हन्समध्ये, एक उलटा नियम आहे. ज्याने गुण केले त्यानेच पुन्हा किक मारून खेळ सुरू करायचा, म्हणजे चेंडू आपणहून समोरच्याच्या हवाली करायचा. मी शिकवायचो की लांब मारा, त्यांना आपल्यापासून दूर ठेवा. दर्शनाचं म्हणणं, आखूड आणि उंच मारायचा, आपल्याच पोरींनी पळत जाऊन तो झेलायचा, द्यायचाच कशाला त्यांना? आम्ही यावर एक अख्खा मोसम भांडलो. शेवटी एका सामन्यात कप्तान म्हणून तिने मला न विचारता तसं करून टाकलं, चेंडू आमच्याच हाती लागला आणि आम्ही जिंकलो. वार्ताहरांनी मला या डावपेचाबद्दल विचारलं. ‘आम्ही बरेच दिवस यावर काम करत होतो,’ असं मी गंभीरपणे सांगितलं. दर्शना मागे उभी राहून खोकली.

तर ती स्पर्धा. आशियातल्याच एका शहरात होती, आणि तिथला उकाडा बघून आम्हाला घरी आल्यासारखं वाटलं. जो संघ जिंकेल तो वरच्या गटात जाणार होता. आमच्या देशाचा संघ तिथे कधीच पोचला नव्हता. दर्शनाने मला आधीच सांगून ठेवलं होतं की ही तिची शेवटची मोठी स्पर्धा. गुडघे कुरकुरायला लागले होते. ‘फायनल खेळते आणि मग तुमचं डोकं खायचं बंद करते,’ ती म्हणाली होती. फायनल गाठायचीच हे तिने गृहीत धरलं होतं.

उपांत्य सामना सकाळी होता. अगदी शेवटी, आम्ही पुढे असताना, समोरची एक दांडगी पोरगी सुटली. दर्शनाने तिरकं पळत जाऊन तिच्या पायांत झेप घेतली. त्या मुलीचा गुडघा हिच्या कानाच्या वर बसला. आवाज मला बाकावर ऐकू आला. दोघी पडल्या, भोंगा वाजला, आम्ही फायनलमध्ये गेलो. दर्शना लगेच उठली, सगळ्यांना मिठ्या मारल्या, चालत बाहेर आली.

डोक्याला मार बसला की डॉक्टरने तपासल्याशिवाय खेळाडूला पुढे खेळता येत नाही. आमच्या संघाच्या डॉक्टर कोलकात्याच्या एक शांत बाई होत्या. त्यांनी दर्शनाला सावलीत बसवून ठरलेले प्रश्न विचारले. आपण कुठल्या मैदानावर आहोत, आत्ता कुणाशी खेळलो, शेवटचा ट्राय कुणी केला. सगळी उत्तरं बरोबर. एका सरळ रेघेवर पावलाला पाऊल लावून चालायला सांगितलं, तीही चालली. बाई मला म्हणाल्या, ‘तिला अडवण्यासारखं मला काही सापडलं नाही. लक्ष ठेवते. खेळवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.’

मी दर्शनाजवळ जाऊन बसलो आणि फायनलचा बेत सांगायला लागलो. ‘सुरुवातीला किक लांब मारू या,’ मी म्हटलं. खरं तर सवयीने तोंडातून गेलं. पुढच्या क्षणी काय ऐकायला मिळणार हे मला पाठ होतं.

‘चालेल सर,’ ती म्हणाली.

मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? सहा-सात वर्षांनी या पोरीला माझं म्हणणं पटलं, असं वाटून मी थोडा ताठ बसलो. मग शंका आली. मी म्हटलं, ‘तू मधे नको, कडेला खेळ आज.’

‘चालेल सर.’

कडेला खेळायला सांगितलं म्हणून हिने एकदा माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. मी म्हटलं, ‘आणि कप्तान सस्मिताला करू या.’

‘चालेल सर,’ दर्शना म्हणाली आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण लावायला लागली. ते तिला लगेच लागेना.

मी उठलो आणि डॉक्टरबाईंना म्हटलं, ही खेळणार नाही. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, ‘ती माझं ऐकतेय.’ बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. बहुधा पुढची तपासणी माझी करावी असं त्यांच्या मनात आलं असावं. मग म्हणाल्या, ‘मलाही नकोच वाटत होतं. फक्त कारणाला नाव देता येत नव्हतं.’

संघाचे व्यवस्थापक मात्र भडकले. ते पुण्याचे, त्यामुळे भडकले तरी व्याकरणशुद्ध बोलत होते. ‘डॉक्टरांची हरकत नाही, खेळाडूची हरकत नाही, आणि देशाची कप्तान तुम्ही फायनलला बसवता. का, तर ती तुम्हाला हो म्हणाली म्हणून? हे मी वर कळवू का असं?’

‘कळवा,’ मी म्हटलं. हे लिहिताना मी फार धीराचा वाटतो. प्रत्यक्षात मला कशाचीच खात्री नव्हती. मला वैद्यकीतलं ओ की ठो कळत नाही. चुकलो असतो तर एका पोरीची आयुष्यभराची फायनल मी एका ‘चालेल’वरून हिरावून घेतली, असं झालं असतं. सगळी दुपार मी देवाला हेच विचारत होतो की मी शहाणपणा केला की नुसता घाबरलो. देवानेही वादात पडायचं टाळलं.

दर्शनाला मी सांगितलं तेव्हा तिने मान हलवली. बस्स. त्यापेक्षा तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी नाचलो असतो.

फायनल सुरू झाली. कप्तान खरोखरच सस्मिताला केलं. दर्शना बाकावर माझ्या आणि डॉक्टरबाईंच्या मधे बसली. पहिल्या अर्ध्यात आम्ही मागे पडलो. दर्शना मैदानात असली की बाकीच्या सहा जणी चेंडू मिळताच तिला शोधायच्या, आणि आता ती नव्हती तरी शोधत होत्या. विश्रांतीत मी काही सांगायच्या आत सस्मिता म्हणाली, ‘सर, तुम्ही गप्प राहा. आम्ही बोलतो.’ दर्शनाची शिकवणी वाया गेली नव्हती. दुसऱ्या अर्ध्यात त्या एकमेकींना शोधायला लागल्या आणि खेळ सुधारला.

तेव्हाच माझी बाही ओढली गेली.

‘सर, मॅच कधी सुरू होणार?’ दर्शना विचारत होती. नजर समोर मैदानावरच होती.

डॉक्टरबाई ताडकन उठल्या. मैदानावरची रुग्णवाहिका त्यांनी खूण करून जवळ बोलावली. ती यायला दोन-तीन मिनिटं लागली असतील. तेवढा वेळ दर्शनाने माझी बाही मुठीत धरून ठेवली होती, जत्रेत लहान पोर धरतं तशी.

‘सर, मॅच कधी?’

‘आत्ता होईल हं.’

‘माझे बूट कुठायत?’

बूट तिच्या पायात होते. मी म्हटलं, ‘आहेत माझ्याकडे.’

‘चालेल सर,’ ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ‘सर, मॅच कधी सुरू होणार?’

आमच्या खेळात भोंगा वाजला तरी सामना संपत नाही. चेंडू खाली पडेपर्यंत किंवा रेघेबाहेर जाईपर्यंत खेळ चालू राहतो. भोंगा वाजला तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि चेंडू आमच्याकडे होता. पोरींनी तो पडू दिला नाही. या कडेपासून त्या कडेपर्यंत, मागे, मागे, पुन्हा मागे देत त्या पुढे सरकत राहिल्या, आणि शेवटी सस्मिताने डाव्या कोपऱ्यात, दोघी जणी अंगावर असताना, हात लांबवून चेंडू टेकवला. भारतीय महिला रग्बीतला तो सर्वात सुंदर ट्राय आहे असं जाणकार सांगतात. सत्कारांत मी त्याचं वर्णन हात पसरून करतो आणि लोकांच्या अंगावर काटा येतो.

तो ट्राय मी बघितलेला नाही. मी त्या वेळी मैदानाला पाठ करून दर्शनाच्या समोर उकिडवा बसलो होतो, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून. लोक ओरडले तेव्हा आपण हरलो असंच मला वाटलं, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. पोरी धावत बाकाकडे आल्या त्या नाचायला, आणि बाकासमोर येऊन थांबल्या. मग दर्शनाला आणि मला घेऊन रुग्णवाहिका निघून गेली. चषक घेताना काढलेल्या फोटोत मी नाही. लोक त्याला माझा विनय समजतात.

दर्शनाच्या डोक्यात आत रक्त साकळलं होतं. थोडंच, पण होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की यावर आणखी एक फटका बसला असता तर... आणि त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी पूर्णगडला फोन केला. दर्शनाची आई सगळं ऐकून घेत होती, मधे एकदाही तोडलं नाही, आणि शेवटी म्हणाली, ‘तुमी होताव म्हणून बरं.’ मला ते ऐकवेना. त्या दिवशी मी तिला बसवलं हे खरं. पण त्याआधी इतकी वर्षं तिला पाडापाडीत उतरवणारा मीच होतो, हेही तितकंच खरं आहे, आणि दुसऱ्याची भरपाई पहिल्याने होते की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दर्शना शुद्धीवर नव्हती असं नाही, पण तो दिवस तिच्या डोक्यातून साफ गेला होता. सकाळच्या न्याहारीपासून पुढे कोरी पाटी. तिचं सुवर्णपदक मी दवाखान्यात घेऊन गेलो. तिने ते उलटंपालटं करून बघितलं आणि उशाशी ठेवलं, दुसऱ्या कुणाचं तरी सांभाळायला दिल्यासारखं. पुन्हा खेळायचं नाही, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं. तिची शेवटची स्पर्धा अशा रीतीने तिच्याशिवायच होऊन गेली.

पुढे काही महिन्यांनी ती रत्नागिरीत माझ्या घरी आली. बरोबर बांगडे. तब्येत सुधारली होती, जीभही. येताच म्हणाली, ‘काय ओ सर, किती सुटलाव तुमी.’ मला गहिवरून आलं. सुलभाने चहा दिला, तर त्यात आलं जास्त झाल्याचं तिने सांगितलं. सुलभाने आत जाऊन डोळे पुसले.

मग आम्ही दोघंच पडवीत बसलो आणि ती म्हणाली, ‘सर, फायनल सांगा.’

‘मोबाईलवर आहे की. बघितली नाहीस?’

‘बघितली. पण त्यात मी नाय दिसत. तुमी सांगा.’

मी सांगायला लागलो. सामना चौदा मिनिटांचा, मला तास लागला. ती मधे मधे अडवत होती. ही पोरगी तिथे कशी असेल, ती तर उजवीकडे उभी राहते. हा पास चुकीचाच होता. सस्मिताने तो कोपरा कशाला गाठला, मधून जागा होती. जो ट्राय मी बघितलाच नव्हता त्याच्यावरूनसुद्धा मी तिच्याशी हिरिरीने भांडलो. मग खालच्या रस्त्याने एसटी गेली, तिच्याकडे ती बघत राहिली.

‘आणि मी?’ तिने विचारलं. ‘मला बसवलंत तेव्हा मी काय केलं?’

माझ्या बाहीवरची तिची मूठ मला अजून जाणवते. तिचा तो सरळ, रिकामा आवाज कानांत आहे. मी चहाचा कप खाली ठेवला.

‘भांडलीस,’ मी म्हटलं.

‘तुमच्याशी?’

‘माझ्याशी, मॅनेजरशी, डॉक्टरबाईंशी. मला म्हणालीस, तुमाला होडीत बसवत नाय आणि तुमी मला बसवताव? पंच दोनदा वळून बघून गेले. माझी इतकी शोभा आजवर कुणी केली नव्हती.’

‘मग तुमी काय बोललाव?’

‘मला बोलू दिलंस तर ना.’

ती खुर्चीत मागे रेलली. ‘तेच म्हटलं,’ ती म्हणाली. ‘मी गप बसायची नाय.’ आणि हसली. सुवर्णपदक हातात घेतलं तेव्हा ती अशी हसली नव्हती.